बावन्न टक्के बोकड

आमच्या कचेरीच्या जीपला दर दशैंला, म्हणजे आमच्या नेपाळी दसऱ्याला, नवमीच्या दिवशी एक बोकड लागतो. जीप खात नाही, हे मला ठाऊक आहे. पण आमचा ड्रायव्हर बुद्धिमान लामा याचं म्हणणं असं की, नवमीला जीपसमोर बोकड कापला नाही तर ती वर्षभरात कुठल्यातरी वळणावर स्वतःच काहीतरी मागून घेते. मुग्लिनच्या वळणांवरून ज्याला रोज गाडी न्यायची आहे त्याच्याशी या विषयावर वाद घालू नये. मीही कधी घातला नाही. बोकड यायचा, कापला जायचा, चौदा माणसांत वाटला जायचा आणि मी वहीत एक ओळ लिहायचो. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं.

मग सुराणा सेठजींनी एक साधा प्रश्न विचारला आणि माझ्या म्हातारपणाची शांतता संपली.

आमची कन्सल्टन्सी काठमांडूच्या अनामनगरात तीन खोल्यांत आहे. लोकांना नळयोजना, पूल, कारखान्याची शेड असं काही बांधायचं असलं की आमचे इंजिनिअर जाऊन मोजमाप करतात, नकाशा काढतात, सल्ला देतात. त्या साली आमच्याकडे तीन कामं होती. हेटौंड्याला सेठजींच्या बिस्किट कारखान्याची नवी शेड. दोलखा जिल्ह्यात एका परदेशी मदत संस्थेचे झुलते पूल. आणि लमजुङच्या वरच्या अंगाला ठूलाबारी नावाच्या गावाची नळयोजना. इंजिनिअर ज्याच्या कामावर जाईल त्याच्या बिलात त्याचा पगार, इथपर्यंत सगळं सरळ होतं. पण कचेरीचं भाडं, चहा, जनरेटरचं डिझेल, जीप, माझा पगार हे कुणाचं? हा वरखर्च. तो मी, कचेरीचा लेखापाल, आजवर तिघांत सारखा वाटत होतो.

सेठजींनी विचारलं, "अमात्यजी, माझं हेटौंडा अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. ते लमजुङ दीड दिवसाच्या. मग जीपचा तिसरा हिस्सा माझ्या बोकांडी का?"

प्रश्न बरोबर होता. बरोबर प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा मला आदर वाटतो, कारण मी रोज सकाळी आमच्या गल्लीतल्या मुलांना गणित शिकवतो आणि तिथे असा प्रश्न महिन्यातून एखादाच येतो. मी मैनाली सरांना, म्हणजे आमच्या मालकांना, सांगितलं, "सर, मी नवी पद्धत बसवून देतो. ज्याने जेवढं वापरलं तेवढं त्याच्या बिलात." सरांनी नकाशावरून मान न उचलता "बसवा" म्हटलं. त्या एका शब्दाच्या आधारावर मी पुढचं सगळं केलं.

सगळ्यांना एकत्र बसवून मी मुलांना समजावतो तसं समजावलं. "समजा, चार मुलं एका कंदिलाखाली अभ्यासाला बसली आहेत. एक जण दोन तास वाचतो, एक तासभर, एक अर्धा तास आणि एक नुसता झोपतो. तेलाचे पैसे कसे वाटाल?"

"तेल कुणी आणलं?" बुद्धिमानने विचारलं.

"ते महत्त्वाचं नाही."

"ज्याने आणलं त्याला महत्त्वाचं असणार, दाइ." कचेरीत मी सगळ्यांचा दाइ, म्हणजे थोरला भाऊ.

"आणि झोपलेल्याने कंदील विझवायला सांगितलं का?" सानुमैयाने विचारलं. ती आमच्याकडे टायपिंग, टपाल आणि चहा बघते. "कंदील चालू असताना मला तर झोप येत नाही. त्यालाच तुम्ही पैसे दिले पाहिजेत."

मुलं असे फाटे फोडत नाहीत. असो.

भाड्याचं सोपं होतं. ज्या कामाची टेबलं जास्त त्याचा हिस्सा जास्त. चहाला मात्र मी एक वही लावली. कप उचलताना कुठल्या कामाचा चहा ते लिहायचं. पंधरा दिवसांनी वही उघडली तर तीनशे बारा कपांपैकी दोनशे एक्याण्णव लमजुङच्या नावावर. मी चौकशी केली. सानुमैया म्हणाली, "सेठजी हिशेब तपासतात, परदेशी बाई तपासतात. लमजुङवाले इतक्या लांबून थोडेच येणार आहेत तपासायला?" दुसरी वही मी कामाच्या तासांची लावली होती; तीत एका तरुण इंजिनिअरने सलग तीन दुपारी लिहिलं होतं, 'विचार केला. सुराणा.' मी त्याला विचारलं, कसला विचार? तो म्हणाला, "नोकरी सोडावी का, याचा. पण बसलो होतो सुराणांच्याच टेबलावर."

मी वह्या बंद केल्या आणि जमेल तेवढ्या न्यायाने आकडे लावले. जीपचं मात्र मनासारखं झालं. जीपला मीटर असतो आणि मीटरला मैत्री नसते. वर्षभराचे किलोमीटर मोजले. लमजुङ बावन्न टक्के, हेटौंडा तीस, दोलखा अठरा. टायर, डिझेल, दुरुस्ती, विमा, सगळं त्या प्रमाणात कापत गेलो आणि शेवटी त्या ओळीपाशी आलो.

आमच्या शेजारी पशुपतिलाल जोशी राहतात. सरकारी सुब्बा, म्हणजे वरिष्ठ कारकून, म्हणून निवृत्त झाले. गल्लीत कुणाच्याही घरात कागद हलला की त्यांना वास लागतो. संध्याकाळी ओसरीवर बसून त्यांनी माझी यादी वाचली आणि चष्मा काढला.

"कृष्णगोपाल, हे काय? बोकड?"

"जीपच्या पूजेचा. मागच्या नवमीचा."

"ते मला कळलं. पण असा उघडा? आमच्या खात्यात सव्वीस वर्षं दर दशैंला बोकड कापला. सव्वीस वर्षांच्या कागदांत तुला बोकडाचा एक केस सापडणार नाही. ब्रेक ऑइल लिहायचं. फार मोठा असेल तर ब्रेक ऑइल आणि क्लच प्लेट."

मी जरा ताठ बसलो. "सुब्बाज्यू, मी मुलांना शिकवतो की जे आहे ते लिहावं."

"मुलांना पगार वाटायचा नसतो," ते म्हणाले आणि पेरू खायला लागले.

मी लिहिलं, 'बोकड, काळा, नग एक, जीपच्या पूजेसाठी, दोन दिवसांच्या गवतासह: रु. १४,४००.' त्याचे बावन्न टक्के ठूलाबारी, तीस टक्के सुराणा, अठरा टक्के परदेशी संस्था. तिन्ही बिलं स्वतःच्या हाताने पाकिटात घातली. इतकी स्वच्छ बिलं मी आयुष्यात केली नव्हती.

तीन आठवडे एकही पैसा आला नाही.

घटस्थापनेच्या दिवशी मैनाली सरांनी मला आत बोलावलं. दरवर्षी दशैंला आम्हाला एक महिन्याचा जादा पगार मिळतो. तो फूलपातीच्या आत, म्हणजे सातव्या दिवसाच्या आत, हातात पडला तरच त्याला अर्थ असतो, कारण त्यानंतर बाजार, बँका आणि माणसं, सगळंच गावाला जातं.

"अमात्यजी, जुन्या पद्धतीची बिलं दर वर्षी दहा दिवसांत पास व्हायची," सर म्हणाले. "बँकेत आत्ता माझ्याकडे वीजबिलापुरते आहेत. षष्ठीपर्यंत तिघांचे पैसे आले तर सगळ्यांचा दशैं. नाही आले तर तिहारची दिवाळी झाली की बघू. तसं सगळ्यांना तुम्हीच सांगा. पद्धत तुमची आहे."

बाहेर आलो तर बुद्धिमान बायकोला फोनवर सांगत होता की यंदा घराला पत्रा टाकूच. सानुमैयाने भाच्यांसाठी घेतलेल्या कपड्यांच्या पिशव्या टेबलाखाली रांगेने लावल्या होत्या. सगळं उधारीवर. मला बघून ती हसली. "दाइ, कधी?" मी म्हणालो, "होईल." त्यानंतर मी पाच दिवस त्या टेबलाकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सेठजींकडे गेलो. त्यांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मग बिल समोर ठेवलं आणि त्या ओळीवर नुसतं बोट ठेवलं. ते बोट त्यांनी नंतर रुमालाने पुसलं.

"अमात्यजी, आमच्या घरात पाच पिढ्यांत उंबऱ्याच्या आत अंडं आलेलं नाही. तुम्ही माझ्या नावावर तीस टक्के बोकड लिहिलात. वर लिहिलंत, काळा."

"सेठजी, तो जीपचा आहे. तुमचा नाही."

"पैसे कुणाचे?"

"तुमचे. पण फक्त किलोमीटरच्या प्रमाणात."

"मग ऐका. चार हजार तीनशे वीस रुपयांचं काही नाही, मी देतो. पण दिले की मी भागीदार झालो. मी पंचेचाळीस वर्षं धंदा करतोय, भागीदारी मला कळते. नफा हिश्श्याप्रमाणे आणि पापही हिश्श्याप्रमाणे. वरती तो विचारणार, तीस टक्के तुझे का? मी काय सांगू, किलोमीटर?"

"मागच्या वर्षीही तुमच्या बिलात तो होताच," मी अगदी सौम्यपणे सांगितलं. "फक्त 'जीप, इतर' असं लिहिलेलं असायचं."

सेठजींचा चेहरा बदलला. मुलाला उत्तर सांगताना त्याला एक पायरी जास्त सांगितली की तो सगळंच विसरतो, तसं झालं. ते मनातल्या मनात वर्षं मोजू लागले. "आपण किती वर्षं एकत्र काम करतोय?"

"सात."

"म्हणजे दोन बोकडांपेक्षा जास्त," ते हळूच म्हणाले. "आणि तेव्हा तर सारखे तीन हिस्से होते." त्यांनी बिल घडी करून माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "अमात्यजी, बोकड काढून बिल आणा. त्याच दिवशी चेक. बोकडासकट एक पैसा नाही." निघताना त्यांनी मला बिस्किटांचा पुडा दिला. त्यावर हिरवा शुद्ध शाकाहारी ठिपका होता आणि तो मला मुद्दाम दाखवल्यासारखा वाटला.

तृतीयेला परदेशी संस्थेत गेलो. तिथे हिशेब बघणाऱ्या हान्ना बाई फार सभ्य. दोन वर्षांत आमची भाषा शिकल्या आणि अजून कुणावर आवाज चढवला नाही, म्हणूनच सगळे त्यांना घाबरतात.

"अमात्यजी, हा बोकड तुमचा कर्मचारी होता का?" त्यांनी विचारलं.

"नाही, हजुर."

"गवत लिहिलं आहे म्हणून विचारलं. मग ही वस्तू झाली. प्रकल्पाच्या पैशाने घेतलेली वस्तू. आत्ता ती कुठे आहे?"

मी खिडकीबाहेर बघितलं. "आम्ही ती खाल्ली, हजुर."

त्यांनी न हसता एक फॉर्म काढला. वस्तू निकालात काढल्याचा फॉर्म. किती वर्षं वापरली, कुठल्या स्थितीत होती, विल्हेवाट लावणाऱ्या समितीतल्या तिघांच्या सह्या, उरलेले भाग विकून काही रक्कम आली का. "आणि खरेदीची पावती," त्या म्हणाल्या. "दुकानाचा कर क्रमांक असलेली."

बोकडाची पावती मिळवणं हा एक स्वतंत्र उद्योग आहे. सरकारी दुकानात दशैंला बोकड मिळतात आणि पावतीही मिळते, पण तिथे सगळे खच्ची केलेले. देवीला तसा चालत नाही, अखंड लागतो. म्हणजे ज्याची पावती मिळते त्याची पूजा होत नाही आणि ज्याची पूजा होते त्याची पावती मिळत नाही. मी कलंकीला, जिथे तराईतून ट्रक भरून बोकड येतात, तिथे दुपारभर शेणातून हिंडलो आणि मागच्या वर्षीच्या विक्रेत्याला शोधून काढलं. निदान तो तरी म्हणाला की मीच तो.

"दुकान कुठे तुमचं?" मी विचारलं.

त्याने हातातली दोरी वर केली. "हे."

"मागच्या वर्षीच्या बोकडाची पावती हवी होती."

"काही खोड निघाली का त्याच्यात?"

"नाही, चांगला होता."

"मग एक वर्षाने कसली पावती? बरं, यंदाचा माझ्याकडूनच घ्या, दोन्हींची लिहून देतो." मी दोन हजार विसार दिला. त्याने शेजारच्या पानवाल्याकडून कागद लिहवून घेतला. त्यात कर क्रमांक नव्हता, पण 'बोकड स्वभावाने गरीब होता' असं न मागता लिहिलेलं होतं.

हा कागद, फॉर्म आणि तीन सह्या घेऊन चतुर्थीला मी पुन्हा गेलो. सह्या माझी, बुद्धिमानची आणि सानुमैयाची. 'उरलेले भाग' या रकान्यात सानुमैयाने प्रामाणिकपणे 'रस्सा, दुसऱ्या दिवशीपर्यंत' लिहिलं होतं. हान्ना बाईंनी सगळं दोनदा वाचलं, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "छान. आता हा खर्च मी नामंजूर करते. धार्मिक खर्च आमच्या नियमात बसत नाही."

"मग हजुर, हे सगळं भरून कशाला घेतलंत?"

"नामंजूर करायला खर्च आधी नीट सादर व्हावा लागतो," त्या समजूत घालत म्हणाल्या. "बोकड काढून बिल आणा, मी लगेच पैसे सोडते."

मी शिक्षक माणूस. सांगण्याची पद्धत चांगली असली तर मला राग येत नाही. पण त्या दिवशी घरी चालत गेलो.

ठूलाबारीकडून तर काहीच उत्तर नव्हतं. फोन लागत नव्हता. मी मैनाली सरांकडे जाऊन सांगितलं की, तिन्ही बिलांतून बोकड काढून टाकतो.

"काढा," सर म्हणाले. "पण चौदा हजार चारशे गेले कुठे? खर्च तर झालाय."

"कचेरीने सोसावे."

"कचेरीने काय म्हणून? बोकड उघड्यावर आणला कुणी?"  तसे ते वाईट नाहीत. "तुमच्या दशैंच्या पगारातून वळते करू. हप्त्याने हवे तर हप्त्याने."

घरी हे सांगितल्यावर बायको भात वाढता वाढता थांबली. "म्हणजे मागच्या वर्षी तेरा लोकांनी ताव मारलेला बोकड आत्ता माझ्या खिशातून कापणार?"

"माझ्या."

"तुमच्या खिशातलं कधी काही माझ्या हातात न येता गेलंय का? आणि तुम्हाला त्या दिवशी ताप होता. तुम्ही नुसता रस्सा प्यायलात." तिने भाजी वाढली नाही. भिंतीपलीकडून सुब्बाज्यूंचा आवाज आला, "ब्रेक ऑइल, कृष्णगोपाल. अजून वेळ गेलेली नाही."

खरं सांगतो, त्या रात्री एक मिनिट मी ब्रेक ऑइलचा विचार केला. मग सकाळी मुलं येऊन बसतील, त्यांचे चेहरे आठवले. त्यांच्यातला एक जण उत्तर आधी लिहून मग गणित सोडवतो. त्याला मी काय तोंड दाखवणार होतो?

पंचमीला नवी बिलं टाईप झाली. बोकड नाही, गवत नाही. दोन पाकिटं सकाळी रवाना केली. तिसरं हातात घेऊन लमजुङच्या बसवर कुणाबरोबर पाठवावं या विचारात होतो, एवढ्यात जिना वाजला आणि खांद्यावर झोळी, हातात मोठं रजिस्टर घेतलेला एक बुटका, भक्कम माणूस आत आला. ठूलाबारीच्या नळ समितीचे अध्यक्ष, धनजित घले. गावापर्यंत जीप जाते, बस जात नाही, म्हणून दोन दिवस चालून आणि एक दिवस बसने आले होते.

"लेखापाल दाइ कोण?" त्यांनी विचारलं. सानुमैयाने माझ्याकडे बोट दाखवलं. दोनशे एक्याण्णव कप आठवून ती स्वतः मात्र मोरीकडे गेली.

मी उठून हात जोडले. "दाजू, तुमची तक्रार मला ठाऊक आहे. बोकड काढून टाकलाय. हे घ्या नवं बिल."

घल्यांनी बिल घेतलं नाही. "काढलात? का?"

"का म्हणजे? तुम्हाला पसंत नसणार."

ते खुर्चीवर टेकले आणि त्यांनी रजिस्टर उघडलं. "दाइ, तुमचं बिल मी सभेत मोठ्याने वाचलं. कचेरीचं भाडं. लोक म्हणाले, आमचा नळ वरच्या डोंगरात, कचेरी काठमांडूत कशाला? लेखापरीक्षण शुल्क. कुणाला कळलं नाही. इंटरनेट. एक म्हातारी म्हणाली, आम्हाला दिसलं नाही, आम्ही देणार नाही. दोन तास भांडण. चहा पाहून तर लोक उठून चालले होते. इतका चहा पिणारी माणसं नळ कधी बांधणार? मग मी शेवटची ओळ वाचली. जीपच्या पूजेचा बोकड, काळा, नग एक. सगळे खाली बसले."

"खाली?"

"अहो, सगळ्या बिलात तेवढंच तर कळलं. म्हातारी म्हणाली, हे लोक खरं लिहितात. जो माणूस बोकड लपवत नाही तो भाड्यात कशाला लबाडी करेल? बावन्न टक्क्यांवर मंजुरी. एकशे सदतीस अंगठे. हे बघा." पानंच्या पानं निळ्या अंगठ्यांनी भरली होती. "चेक आणलाय. पण चेकवरचा आकडा बोकडासकट आहे आणि ठरावही बोकडासकट. बोकड काढायचा तर पुन्हा सभा. सभेला सात दिवसांची सूचना लागते."

फूलपाती परवावर आली होती. माझ्यामागे सगळ्या कचेरीने एकदम काम थांबवलं होतं, ते न बघताही कळत होतं.

"नको, नको," मी म्हणालो. "तुमचे बावन्न टक्के राहू देत. जुनंच बिल धरा."

"बरं. आणि बाकीचे अठ्ठेचाळीस कुणी घेतले?"

"कुणीच नाही. एकाला पाप लागतं, एकीच्या नियमात बसत नाही." माझ्या पगारातून जायचेत, हे मी बोललो नाही. पण सानुमैया मोरीतून म्हणाली, "दाइंच्या पगारातून कापणार आहेत," आणि पुन्हा कपबश्या वाजवू लागली.

 घल्यांनी खिशातून कागद काढून हिशेब केला. मग म्हणाले, "सहा हजार नऊशे बारा. दहा हजारांपर्यंत अध्यक्षाला सभेशिवाय खर्च करता येतो. आम्ही घेतो. अख्खा."

मैनाली सर एव्हाना दारात आले होते. "घेता? उत्तम. सानुमैया, पावती लिही. दाजूंना चहा द्या."

"चहा नको," घले पटकन म्हणाले. "एक गोष्ट आहे. पैसे आमचे तर बोकड आमचा. मागच्या वर्षीचा तुम्ही खाल्लात. गावात कुणाच्या तोंडाला लागला नाही. तेव्हा यंदाचा आम्हाला द्यायचा."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या विधानात चूक शोधली. एकोणीस वर्षं हिशेब लिहितोय, पण मला सापडली नाही.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"विसार दिलाय का?"

"दोन हजार. कलंकीला."

"मग संध्याकाळी घेऊन टाकू."

षष्ठीला दुपारी बारापर्यंत सेठजींचा चेक आला, सोबत बिस्किटांचा मोठा खोका. एक वाजता हान्ना बाईंचे पैसे बँकेत जमा झाले. ठूलाबारीचे तर आधीच होते. चार वाजता मी चौदा पाकिटं टेबलावर मांडली. बुद्धिमानने पाकीट कपाळाला लावलं. सानुमैयाने मोजून बघितलं, मग पुन्हा मोजलं, मग टेबलाखालच्या पिशव्यांकडे बघून हळूच नाक पुसलं. तासाभरापुरता मी त्या कचेरीतला सर्वांत थोर माणूस होतो. तो नोकरी सोडणारा इंजिनिअर म्हणाला, "दाइ, तुमची पद्धत जबरदस्त आहे." मी म्हणालो, पद्धत नाही, नुसती त्रैराशिकं आहेत. पण त्याने अजून एकदा म्हटलं असतं तर मला चाललं असतं.

मग घले बोकड घेऊन आले. तोही काळाच होता आणि स्वभावाने गरीब दिसत होता.

"हा जीपचा बोकड ना?" त्यांनी बुद्धिमानला विचारलं.

"हो."

"मग जीपसमोरच कापायला हवा."

"अर्थात. दुसऱ्या कशासमोर कापून काय उपयोग?"

"मग जीप ठूलाबारीला आणायला हवी."

बुद्धिमानचं घर त्याच वाटेवर, तीन तास अलीकडे. त्याने सरांकडे बघितलं, सरांनी माझ्याकडे आणि मी मीटरकडे. कुणी काही म्हणायच्या आत मागची सीट पाडली गेली. तिच्यावर पोतं अंथरलं, पोत्यावर बोकड बसला. पुढे घले रजिस्टर मांडीवर घेऊन बसले आणि जीप फाटकातून निघून गेली. त्या फेरीचे किलोमीटर कुठल्या कामात धरायचे, असं सर विचारणार होते. मी आत जाऊन वहीला कुलूप लावलं.

नवमीला सकाळी रीतीप्रमाणे सगळे कचेरीत जमले. बारा माणसं, नवे कपडे, प्रत्येकाच्या हातात झाकणाचा डबा. पैसे मिळाल्याच्या आनंदात बाकीच्या व्यवहाराकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. जीप उभी राहते तिथे तेलाचा काळा डाग होता. सगळे त्या डागाभोवती गोल उभे राहिले.

"दाइ," सानुमैया डबा छातीशी धरून म्हणाली, "मग आपण काय?"

मी पिशवीतून कोहळा काढला. अकरा किलोचा, पांढराधोट. ज्यांना बोकड जमत नाही ते नवमीला कोहळा कापतात, शास्त्रात ते बसतं. डागावर ठेवून त्याला टिळा लावला, फूल वाहिलं, आणि मैनाली सरांनी खुकुरीने त्याचे दोन भाग केले.  बारा डब्यांत मी सारख्या वजनाच्या फोडी घातल्या. तराजूने, कारण त्या दिवशी कुणी हिश्श्यावरून काही बोललेलं मला सोसलं नसतं. इंजिनिअरने डब्यात वाकून बघितलं, झाकण लावलं आणि 'जबरदस्त' हा शब्द पुन्हा उच्चारला नाही.

सगळे गेल्यावर सर खुकुरी पुसत माझ्याजवळ आले. "अमात्यजी, हा कोहळा कितीला पडला? आणि कुठल्या कामाला टाकताय?"

"सर," मी म्हणालो, "कोहळा घरच्या वेलाचा आहे."